शोधनिबंधाचा मेटाडेटा: भरायचा कोणी आणि कसा?

अक्षरजुळणी | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

मेटाडेटा म्हणजे लेखाबद्दलची माहिती: शीर्षक, लेखक, तारीख वगैरे. जर्नलांच्या निर्मितीच्या कामात मी बरीच वर्षं आहे. लेखकाची वर्डची फाइल आली की पानं लावायची आणि त्याच मजकुराचं एक्सएमएल, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी लेबलं लावलेली फाइल, करायचं, हे माझं रोजचं काम. मुंबई, चेन्नई, पाँडिचेरी इथल्या कितीतरी लोकांच्या हातून युरोप-अमेरिकेची जर्नलं अशीच जातात. या एक्सएमएलच्या साच्याला 'जॅट्स' म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००३ साली त्याचा पाया घातला आणि २०१२ साली ते मानक म्हणून मंजूर झालं. त्यात लेखाच्या पुढच्या भागात शीर्षक, लेखक, संस्था, तारखा, सारांश, परवाना आणि अनुदान असतं, मध्ये मजकूर आणि मागे संदर्भ. प्रत्येक गोष्टीला आपापलं लेबल. लेखकाचं नाव कुठे संपतं आणि आडनाव कुठे सुरू होतं, हेसुद्धा वेगळं सांगावं लागतं.

हे सगळं सांगायचं कारण असं. उपनगरातल्या एका कॉलेजच्या जर्नलच्या संपादकांनी मध्यंतरी मला बोलावलं होतं. त्यांची तक्रार होती की लेख साइटवर आहेत, पीडीएफ उघडते, पण गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावर एकही लेख त्याच्या नावाने सापडत नाही. शोधून पाहिलं तर बहुतेक लेखांचं शीर्षक एकच दिसत होतं: कॉलेजचं नाव. आणि लेखकाच्या जागी ट्रस्टचं नाव.

साइटच्या पानांचा कोड उघडला. लेखाबद्दल एकही टॅग, म्हणजे यंत्रासाठीचं लेबल, नव्हता, नुसती पीडीएफची लिंक. स्कॉलरला शीर्षक, लेखक, तारीख, खंड, अंक, पानं असे टॅग मिळाले नाहीत की ते पीडीएफच्या पहिल्या पानावरून अंदाज बांधतं. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे असेल ते शीर्षक, त्याच्या लगेच खाली असतील ते लेखक. या जर्नलच्या पहिल्या पानावर कॉलेजचं नाव सगळ्यात मोठ्या ठशात होतं, त्याखाली ट्रस्ट, मग पत्ता, आणि लेखाचं शीर्षक बिचारं मध्यम ठशात.

त्याच अंकात ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर एक नेटका लेख होता. नमुने कुठून घेतले, भरतीच्या वेळी की ओहोटीच्या, सगळं नीट लिहिलेलं. उद्या खाडीवर काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाला तो हवा असेल तर तो मिळणार कसा? शोधणाऱ्यासाठी तो लेख छापलाच गेलेला नाही.

माझं म्हणणं असं आहे की मेटाडेटा भरणं हे संपादनाचं काम आहे. आपल्याकडे ते वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाच्या गळ्यात पडतं. तो बिचारा लेख वाचत नाही, त्याने वाचावा अशी अपेक्षाही नाही. लेखकाचं आडनाव कोणतं, लेख स्वीकारला कधी, अनुदान कोणाचं, परवाना कोणता, हे संपादकालाच माहीत असतं. परदेशी जर्नलांचं हे काम आपलीच माणसं इतकं चोख करतात, मग आपल्या जर्नलांच्या वाट्याला ते का येऊ नये, हे मला सतत लागून राहतं.

एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा क्रमांक. त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की लेखाचं पान उघडतं. तोच पत्ता एखाद्या प्रोग्रॅमने 'मला नोंद दे' असं सांगून मागितला की पानाऐवजी नोंद हाती येते. शीर्षक, लेखक क्रमाने, त्यातला पहिला कोण, खंड, अंक, पानं, तारीख सुटी करून वर्ष-महिना-दिवस. प्रकाशकाने दिली असेल तर संदर्भयादीही, आणि त्यातल्या लेखांचे डीओआय. झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये डीओआय टाकल्यावर सगळे रकाने आपोआप भरतात ते या नोंदीतून. ओपनॲलेक्ससारखे शोधनिबंधांचे खुले कोशही बरंचसं इथूनच उचलतात. नोंद रिकामी असेल तर पुढचं सगळंच रिकामं.

तुमच्या कॉलेजात, संस्थेत हे कोण करतं? कसं करतं?

---

वाचनवेडी_मुलुंड | रविवार, सकाळी १०:१५

धागा फार आवडला. वाचनखूण साठवली आहे. सविस्तर लिहीन.

---

ग्रंथपाल_सायन | रविवार, दुपारी १:०५

महत्त्वाचा विषय काढलात. कॉलेजच्या ग्रंथालयात असल्यामुळे यातलं बरंच जवळून बघते.

आमच्याकडे प्राध्यापक विचारतात ते एवढंच: 'मॅडम, या जर्नलला डीओआय आहे ना?' डीओआय म्हणजे दर्जाचा शिक्का असा पक्का समज झालाय. तो फक्त एक कायमचा पत्ता आहे, आणि त्या पत्त्यामागे ठेवलेली नोंद. चांगल्या लेखाला मिळतो तसाच टुकार लेखालाही मिळतो.

त्याहून वाईट म्हणजे काही जर्नलं डीओआयसारखा दिसणारा आकडा स्वतःच बनवून पहिल्या पानावर छापतात. तपासायला सोपं आहे. खरा डीओआय '१०' आणि टिंबाने सुरू होतो. तो डीओआय-डॉट-ओआरजीच्या पुढे जोडून उघडा. 'सापडला नाही' असं आलं तर एक तर नोंदणी झालेली नाही किंवा आकडा बनावट आहे. बढतीच्या फायली लावताना मी हे प्रत्येक लेखाला करते. तरुण प्राध्यापकांचे चेहरे पडतात तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यांनी छपाईचे पैसे भरलेले असतात.

डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या साच्याबद्दलही थोडं. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना ते पाठ असतं: १९९५ साली ओहायोतल्या डब्लिन गावच्या बैठकीतून आलेलं, १५ घटकांचं. प्रबंध, पुस्तकं, छायाचित्रं यांना छान चालतं. जर्नलच्या लेखाला मात्र अपुरं पडतं, कारण जर्नलचं नाव, खंड, अंक, पानं यांना त्यात स्वतंत्र जागा नाही. गूगल स्कॉलरच्या सूचनांमध्येही हेच लिहिलंय की डब्लिन कोअर अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरा. आमच्या कॉलेजच्या साइटवर फक्त तेवढंच होतं आणि 'मेटाडेटा आहे की!' असं उत्तर मिळायचं.

---

पवईचा_रहिवासी | रविवार, दुपारी ३:३०

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. पीडीएफमधून शीर्षक, लेखक, संदर्भ वेगळे काढणारी ग्रोबिडसारखी मोफत साधनं कित्येक वर्षांपासून आहेत. आता तर भाषिक मॉडेलं आख्खा लेख वाचतात. पहिल्या पानावर कॉलेजचं नाव मोठं असलं तरी शीर्षक कोणतं हे त्यांना कळतं. मग माणसाने बसून रकाने का भरायचे? यंत्र वाचू शकत नव्हतं तेव्हाची ही सोय आहे, आता वाचू शकतं.

---

अक्षरजुळणी | रविवार, सायंकाळी ६:२०

@ग्रंथपाल_सायन, मॅडम, बनावट डीओआयचं लिहिलंत ते बरं झालं. हे लोकांना माहीतच नसतं.

@पवईचा_रहिवासी, राग कसला. प्रश्न रास्त आहे. ग्रोबिड मीही वापरतो. ठरावीक मांडणीच्या इंग्रजी लेखांवर ते उत्तम चालतं. पण दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे जे पानावर छापलेलंच नाही ते कोणतंही यंत्र वाचून काढू शकत नाही. लेख कोणत्या परवान्याखाली आहे, ही आवृत्ती स्वीकारलेली आहे की अंतिम, अनुदान देणाऱ्या संस्थेचं अधिकृत नाव काय. आपल्या बऱ्याच जर्नलांच्या पीडीएफवर यातलं काहीच नसतं. कधी कधी तर वर्षही नसतं.

दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. अंदाज चुकला तर तो दुरुस्त कोणी करायचा? दहा ठिकाणची दहा यंत्रं आपापला अंदाज बांधणार, त्यातली तीन चुकणार, आणि लेखकाने दाद मागायची कोणाकडे हे ठरलेलंच नाही. नोंद प्रकाशकाने केलेली असेल तर ती त्याची जबाबदारी. चूक सापडली की त्याने क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे नोंद पुन्हा पाठवायची, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि तिथून घेणाऱ्यांपर्यंत दुरुस्ती पोचते. यंत्राने वाचलेलं आणि प्रकाशकाने सांगितलेलं यात हा फरक आहे. एकात कोणीतरी शब्द दिलेला असतो.

---

परळ_ओपीडी | रविवार, रात्री ११:१०

डॉक्टर आहे. शेवटच्या मुद्द्याला माझ्या क्षेत्रातून जोड देतो.

लेख मागे घेतला जातो तेव्हा काय होतं? जर्नल आपल्या साइटवर सूचना लावतं. पण ज्याने ती पीडीएफ दोन वर्षांपूर्वी उतरवून ठेवलीय त्याला कसं कळणार? मागे घेतलेले लेख पुढेही उद्धृत होत राहतात, आणि वैद्यकात याचा अर्थ असा की चुकीच्या आकड्यावरून कोणीतरी औषधाचा विचार करतंय.

हे यंत्राला सांगता येतं. मागे घेतल्याची नोंद मूळ लेखाच्या डीओआयला जोडून करायची असते. मागे घेतलेल्या लेखांची रिट्रॅक्शन वॉचची यादी क्रॉसरेफने २०२३ मध्ये घेतली आणि सगळ्यांना खुली केली. झोटेरो तर २०१९ पासूनच अशा लेखांवर लाल पट्टी दाखवतं. माझ्या एका निवासी डॉक्टरच्या प्रबंधाची संदर्भयादी झोटेरोत उघडली तेव्हा ती पट्टी मी स्वतः पाहिली. तो संदर्भ काढला, त्यावर उभा असलेला परिच्छेद पुन्हा लिहिला. पण हे जुळतं ते डीओआय किंवा पबमेड या वैद्यकीय लेखसूचीच्या क्रमांकावरून. ज्या जर्नलात दोन्ही नाहीत तिथला लेख मागे घेतला तरी कोणाच्या यादीत पट्टी लागणार नाही.

दुसरी गोष्ट रुग्णांवरच्या (क्लिनिकल) चाचण्यांच्या नोंदणीची. आपली सीटीआरआय ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि जून २००९ पासून चाचणीची नोंद सक्तीची झाली. तो क्रमांक लेखात असतो, पण कुठे तर पद्धतीच्या परिच्छेदात किंवा तळटीपेत. मेटाडेटात चाचणीच्या क्रमांकासाठी वेगळी जागा आहे. ती भरली तर एका चाचणीतून निघालेले सगळे लेख एकत्र दिसतील, आणि नोंदवलेल्या पण निकाल कधीच न छापलेल्या चाचण्याही उघड होतील. रुग्णाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा रकाना मला तरी सुचत नाही.

आणि परळमध्ये बसून हे लिहितोय तर सांगायलाच हवं. केईएमचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतंय आणि भारतातल्या जर्नलांमध्ये फार लवकर इंटरनेटवर सगळ्यांना मोफत वाचायला मिळालं. मुंबईत हे जमतं, हे नव्याने सिद्ध करायची गरज नाही.

---

दादर_पश्चिम | सोमवार, सकाळी ८:२५

एका छोट्या विज्ञानविषयक षण्मासिकाच्या संपादनात मी आहे. सगळं वाचलं. पटतंय, पण आमची बाजूही ऐका.

आम्ही तिघं. मानधन शून्य. लेख मागवायचे, परीक्षक शोधायचे, त्यांना चार चार वेळा फोन करायचे, मग लेखकांना. छपाईचे पैसे उभे करायचे. अंक काढता काढता धाप लागते. त्यात आता यंत्रासाठी वेगळी नोंद, डॉलरमध्ये वर्गणी, एक्सएमएल. मोठ्या प्रकाशकांकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतात.

आणि एक मूळचा प्रश्न. आपण वाचकासाठी संपादन करतो. गूगलला हवं तसं लिहा, हे मला मनापासून खटकतं.

---

अक्षरजुळणी | सोमवार, सकाळी ९:५०

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो मलाही महत्त्वाचा वाटतो.

लेख गूगलसाठी लिहू नका. लेखात एक अक्षरही बदलायचं नाही. पण पुढचा वाचक तुमच्या अंकापर्यंत येतो कुठून? त्याच्या कॉलेजात तुमचा अंक येत नाही. तो शोधखिडकीत चार शब्द टाकतो, किंवा दुसऱ्या एखाद्या लेखाच्या संदर्भयादीतून येतो. या दोन्ही वाटांवर मध्ये यंत्र आहे. तुम्ही परीक्षकाला चार वेळा फोन केलात त्या मेहनतीचं फळ वाचकाच्या हाती पडावं म्हणूनच हे करायचं.

आता खर्च. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळखक्रमांक, भारतात मोफत मिळतो, अर्ज दिल्लीला करायचा. ओजेएस ही जर्नल चालवायची प्रणाली मोफत आहे, तिची मूळ आखणीच तुमच्यासारख्या जर्नलांसाठी झाली. त्यात लेखाचं शीर्षक, लेखक, सारांश, पानं हे रकाने तुम्ही भरलेत की स्कॉलरला लागणारे टॅग पानावर आपोआप येतात. तुम्ही एक्सएमएल बघायचंसुद्धा नाही. ओजेएस असूनही जिथे जिथे मी बिघडलेलं पाहिलंय तिथे सारांशाचा रकाना रिकामा, लेखकांच्या रकान्यात चौघांची नावं स्वल्पविराम देऊन एकत्र, आणि इंग्रजी शीर्षक सगळं कॅपिटल अक्षरांत.

डीओआयला मात्र पैसे लागतात. क्रॉसरेफची वार्षिक वर्गणी आणि चालू लेखामागे साधारण एक डॉलर. ते आत्ता जमत नसेल तर अडून राहू नका. झेनोडो हे सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने २०१३ पासून चालवलेलं भांडार आहे. तिथे लेख ठेवला की डीओआय मोफत मिळतो, तो डेटासाइट या दुसऱ्या नोंदणीसंस्थेचा असतो. जर्नलच्या स्वतःच्या डीओआयची सर त्याला नाही, पण लेख जपला जातो आणि नोंद खुली राहते.

---

ग्रंथपाल_सायन | सोमवार, दुपारी १:१५

दादर_पश्चिम, तुमच्या अंकाचे रकाने भरायला मी मदत करीन. अंक आला की कळवा. संस्थांच्या नावांकडे मात्र लक्ष हवं. आमच्याकडच्या जुन्या लेखांत 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे', १९९६ नंतर 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई', मध्येच 'मुंबई युनिव्हर्सिटी, कलिना' आणि 'बीयू, फोर्ट' अशी रूपं आहेत. माणसाला कळतं की विद्यापीठ एकच. यंत्र वेगळी धरतं. यासाठी 'रॉर' नावाची खुली यादी २०१९ पासून आहे, एक लाखाहून जास्त संशोधनसंस्थांना त्यात एकेक ओळखक्रमांक दिलाय. तो क्रमांक लावला की छापील नाव कसंही असलं तरी चालतं.

---

वाचनवेडी_मुलुंड | सोमवार, रात्री ९:३०

कालपासून लिहायचं होतं. माझा विषय लेखकांची नावं.

आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. समजा, 'सुनीता रमेश पाटील'. एका जर्नलात ती सुनीता पाटील, दुसऱ्यात एस. आर. पाटील, तिसऱ्यात पाटील सुनीता रमेश आणि तिथे यंत्राने 'रमेश' हे आडनाव धरलेलं. लग्नाआधीच्या लेखांवर मधलं नावही वेगळं आणि आडनावही. म्हणजे एका बाईचं काम चार-पाच अनोळखी बायकांमध्ये वाटलं जातं. पुरुषांच्या बाबतीत हे कमी होतं, म्हणून हा प्रश्न मला जास्त टोचतो.

त्यात उपाधी. पुष्कळ जर्नलांत नावाच्या रकान्यातच 'डॉ.' किंवा 'प्रा.' भरतात. मग आद्याक्षरं काढणारी प्रणाली 'डी. एस. पाटील' करते. विद्यापीठात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मैत्रिणीचे दोन लेख असेच 'डी' खाली गेले होते. संदर्भयाद्यांमध्ये तेच रूप पुढे पुढे छापलं गेलं.

यावर ओआरसीआयडी, म्हणजे ऑर्किड, हा चांगला उपाय आहे. २०१२ पासून आहे, लेखकाला मोफत. १६ अंकी क्रमांक, शेवटचा अंक पडताळणीचा, म्हणजे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर लगेच पकडलं जातं. नाव बदललं तरी क्रमांक तोच. 'या नावांनीही ओळखतात' असा रकाना आहे, त्यात लग्नाआधीचं नाव घालता येतं, देवनागरीतलंही. पण जर्नलने तो क्रमांक लेखाच्या नोंदीत पाठवला पाहिजे. नुसता पीडीएफवर हिरवा बिल्ला छापून उपयोग नाही.

संपादकांना कळकळीने सांगते: लेख मागवतानाच 'नाव' आणि 'आडनाव' असे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि लेखिकेलाच भरू द्या. मधलं नाव घालायचं की नाही हे तिने ठरवावं.

---

पवईचा_रहिवासी | सोमवार, रात्री १०:०५

उपाधीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आणि जबाबदारीचा मुद्दाही मान्य. तरी मधला मार्ग सुचवतो. वर्डच्या फाइलमधून यंत्राने रकाने आधी भरून ठेवावेत, माणसाने ते तपासून पुढे पाठवावेत. कोऱ्या फॉर्मपेक्षा भरलेला फॉर्म तपासणं खूपच हलकं. असा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला मी तयार आहे. 'डॉ.', 'प्रा.', 'सौ.' दिसलं की लाल करायचं, तारीख सुटी करायची, संदर्भांचे डीओआय क्रॉसरेफकडून शोधून समोर ठेवायचे.

---

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ७:५५

मराठी लेखांचं काय, हे कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझं आयुष्य छापखान्यात गेलं, गिरगावात.

जुन्या मराठी पीडीएफ बघा. पडद्यावर सुंदर देवनागरी. त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. त्या काळचे फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले होते. दिसायला 'पाणी', आत भलतंच. अशी पीडीएफ शोधयंत्राला मराठी वाटतच नाही. त्या लेखांसाठी तर निदान शीर्षक, लेखक आणि सारांश युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) पुन्हा टाइप करून नोंदीत घालणं हाच खात्रीचा मार्ग आहे. पीडीएफ तशीच राहिली तरी चालेल.

युनिकोड आलं म्हणून सगळं सुटलं असंही नाही. 'ॲसिड' हा शब्द घ्या. त्यातला पहिला वर्ण दोन प्रकारे येतो. एक, अखंड 'ॲ', जो युनिकोडमध्ये २००८ साली आला. दुसरा, आधी 'अ' आणि मग त्यावर चंद्राची खूण, असे दोन वर्ण. डोळ्याला काडीचाही फरक दिसत नाही. यंत्राला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणातही ते एक होत नाहीत. 'किनाऱ्यावर' मधल्या अर्ध्या 'र'चंही तेच. काहींच्या कळफलकावर तो खाली टिंब असलेल्या 'ऱ'पासून बनतो, काहींच्या कळफलकावर साध्या 'र'ला एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. 'कोकण किनाऱ्यावरील शैवाल' असं शीर्षक एकाने एका पद्धतीने भरलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर जुळेलच याची खात्री नाही.

पवईकर, तुमच्या प्रोग्रॅममध्ये हे आधी घाला. दोन्ही रूपं एकाच रूपात आणून मगच नोंद पाठवायची.

---

पवईचा_रहिवासी | मंगळवार, सकाळी ९:१०

काका, नक्की घालतो. यातलं 'ॲ'चं मला ठाऊक नव्हतं. अशी आणखी उदाहरणं असतील तर इथेच लिहून ठेवा, मी तपासणीत घेतो.

---

कलिना_एमएस्सी | मंगळवार, दुपारी १२:४०

विद्यार्थिनी आहे. आमचा पहिला लेख छापून आलाय. लेखक म्हणून मी स्वतः काय तपासू शकते?

आणि दुसरं, लेख मराठीत असेल तर शीर्षक इंग्रजीत भरायचं की मराठीत? सर म्हणाले इंग्रजीच भर, नाहीतर कोणी वाचणार नाही.

---

अक्षरजुळणी | मंगळवार, सायंकाळी ७:००

@कलिना_एमएस्सी, अभिनंदन! आधी क्रॉसरेफच्या शोधपानावर तुझा डीओआय टाक. नोंद आली की सगळ्या लेखकांची नावं आहेत का, क्रम बरोबर आहे का, सारांश आहे का, संदर्भयादी गेलीय का ते बघ. मग लेखाच्या पानावर जाऊन झोटेरोचं बटण दाब. रकाने नीट भरले तर पानावरचे टॅग बरोबर आहेत. काही चुकलं असेल तर संपादकांना साधी मेल कर: कुठला रकाना, आत्ता काय आहे, काय हवं. ओळीभर पुरते. लेखकांनी विचारलं की जर्नलं हलतात, हा माझा अनुभव आहे.

शीर्षक दोन्ही भाषांत भरायचं. जॅट्समध्ये मूळ शीर्षक आणि अनुवादित शीर्षक अशा वेगळ्या जागा आहेत, क्रॉसरेफच्या नोंदीत मूळ भाषेतल्या शीर्षकाला स्वतंत्र रकाना आहे, ओजेएसमध्येही एकाच लेखाचं शीर्षक आणि सारांश दोन भाषांत भरता येतो. लेखाची भाषा मराठी आहे हेही नोंदीत सांगायचं. इंग्रजी शीर्षकामुळे जग येईल, सरांचं तेवढं बरोबर आहे. पण नोंदीत मराठी नसेल तर उद्या कोणी 'मराठीत विज्ञानावर किती आणि काय लिहिलं गेलं' असं मोजायला बसला की त्याच्या हिशेबात तुझा लेख इंग्रजीच धरला जाईल. आपण लिहिलेलं आपल्या भाषेच्या खात्यावर जमा व्हायला हवं, यावर मी तरी तडजोड करणार नाही.

@परळ_ओपीडी, चाचणीच्या क्रमांकाचं तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या कामाच्या यादीत घातलंय. हा रकाना आमच्याकडेही बहुतेक वेळा रिकामाच जातो, कारण लेखकाला तो कोणी विचारत नाही.

---

परळ_ओपीडी | मंगळवार, रात्री ११:३०

लेख स्वीकारतानाच फॉर्ममध्ये तो प्रश्न टाकला की झालं. आमच्या विभागाच्या वार्तापत्रात या आठवड्यात लिहितो.

---

दादर_पश्चिम | बुधवार, सकाळी ८:१०

चर्चा वाचून रात्री आमच्या दोघा सहकाऱ्यांशी बोललो. पुढच्या अंकापासून लेखकांना पाठवायच्या फॉर्ममध्ये नाव, आडनाव, ऑर्किड, दोन्ही भाषांतलं शीर्षक आणि सारांश, अनुदान आणि परवाना हे रकाने घालतोय. ओजेएसचं ग्रंथपाल मॅडमच्या मदतीने बघू.

प्रश्न उरतो जुन्या अंकांचा. कपाटभर आहेत, सगळे छापील. ते सगळे टाइप करणं आमच्याच्याने होणार नाही.

---

अक्षरजुळणी | बुधवार, सकाळी १०:३०

सगळं टाइप करायची गरजच नाही, दादा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासूनचं. त्याचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर स्कॅन करून ठेवलेत. तिथे पानावरचा मजकूर यंत्राने वाचलाय आणि त्यातली प्राण्या-वनस्पतींची शास्त्रीय नावं वेगळी ओळखलीत. एखाद्या बेडकाचं नाव टाका, तो शंभर वर्षांपूर्वी ज्या पानावर आला ते पान समोर येतं.

तुमच्या अंकांसाठी अनुक्रमणिकेपासून सुरुवात करा. एका एक्सेल शीटमध्ये लेखामागे एक ओळ. खंड, अंक, पहिलं पान, शेवटचं पान, शीर्षक, आणि प्रत्येक लेखकाला नाव व आडनाव असे दोन रकाने. तारीख २००९-०८ अशीच लिहायची, ०८/०९ असं कुठेही नको, कारण तो ऑगस्ट २००९ आहे की ८ सप्टेंबर हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. टायपिंग युनिकोडमध्ये. शंका असेल तिथे रकाना रिकामा सोडून शेजारी खूण करायची, अंदाजाने भरायचं नाही.

पहिल्या खंडाची शीट आली की ती ओजेएसमध्ये चढवायच्या साच्यात मी बसवून देतो. पवईकरांचा प्रोग्रॅम तोवर तयार झाला तर 'ॲ' आणि 'ऱ्य' त्यातूनच तपासून घेऊ. अनुक्रमणिकांची पानं मोबाइलवर सरळ, सावली न पडता काढलीत तरी पुरे, टायपिंगला आमच्याकडची दोन मुलं शनिवारी बसायला तयार आहेत.